परत करायची राहिलेली भांडी: ड्रायव्हर कोडमधल्या मेमरी गळतीचा इतिहास

गेल्या व्याख्यानात आपण ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, काय काम करतो ते पाहिलं. आज त्याच कर्नलच्या एका कोपऱ्यात जायचं आहे. कोपरा लहान आहे, पण तिथे गेली पन्नास वर्षं एकच प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहतो: घेतलेली वस्तू परत कोणी करायची, आणि कधी?

सुरुवात एका ओळीपासून करू. नोव्हेंबर २०१९ मध्ये संगणकातल्या सुरक्षा-दोषांच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२०१९-१९०५४ या क्रमांकाची एक नोंद झाली. दोष लिनक्स कर्नलमधला होता, आणि जागा कोणती? तर टीव्ही कार्डावरच्या एका चिपमधून रिमोटचे इन्फ्रारेड संकेत वाचणारा ड्रायव्हर. हा ड्रायव्हर सुरू होताना दोनदा मेमरी मागतो. आधी स्वतःच्या नोंदी ठेवायला, मग आलेले संकेत रांगेत लावायला. पहिली मागणी मान्य झाली आणि दुसरी नाकारली गेली, तर कोड ‘मेमरी नाही’ असं सांगून निघून जायचा. पहिल्या वेळी घेतलेली मेमरी मात्र तशीच राहायची. तिचा पत्ता कोणाकडेच उरलेला नाही, त्यामुळे ती कोणी वापरू शकत नाही आणि कोणी परतही करू शकत नाही. दुरुस्ती काय होती? निघण्याआधी ती मेमरी मोकळी करा, एवढी एक ओळ आणि तिच्याभोवती महिरपी कंस.

एका ओळीच्या दुरुस्तीवर अख्खं व्याख्यान कशाला, असं कोणालाही वाटेल. म्हणून आधी ही गळती कर्नलमध्ये का बोचते ते पाहू. आपण रोज वापरतो त्या साध्या प्रोग्रॅमने मेमरी सांडली, तर तो प्रोग्रॅम बंद झाल्यावर ऑपरेटिंग सिस्टीम त्याचं सगळं आवरून घेते. कर्नलच्या मागे आवरायला कोणी नाही. कर्नलने हरवलेली मेमरी संगणक पुन्हा सुरू होईपर्यंत हरवलेलीच राहते. घरातला संगणक रोज बंद होतो. पण टेलिफोन एक्स्चेंजमधलं यंत्र, कारखान्यातला नियंत्रक, घरोघरचा राउटर ही यंत्रं महिनोन्‌महिने बंद होत नाहीत.

आता ड्रायव्हर सुरू कसा होतो, ते समजायला आपल्या ओळखीचा प्रसंग घेऊ. घरात लग्न ठरलं. कार्यालयाला आगाऊ रक्कम देऊन किल्ली घेतली. मांडववाल्याकडून खुर्च्या आणल्या. भांडीवाल्याकडून पातेली आणि पराती आणून कार्यालयाच्या खोलीत ठेवल्या. शेवटी आचाऱ्याला बोलवायला गेलो, तर तो नाही म्हणाला आणि बेतच रद्द झाला. आता काय करायचं? आधी भांडी परत, मग खुर्च्या, मग किल्ली. क्रम उलटाच हवा, कारण किल्ली आधी देऊन टाकली तर खोलीतली भांडी काढणार कशी? आणि भांडी द्यायची विसरलो, तर लग्न झालं नाही तरी भाडं चालूच.

ड्रायव्हरमध्ये याच तऱ्हेचं एक फंक्शन असतं, त्याला प्रोब म्हणतात. यंत्र सापडलं की कर्नल ते चालवतो. प्रोब मेमरी घेतो, यंत्राचे रजिस्टर पत्त्यांवर जोडून घेतो, इंटरप्ट मागतो आणि शेवटी स्वतःची नोंदणी करतो. चार-पाच पायऱ्या, कधी दहा-पंधरा. यातली कुठलीही पायरी फसू शकते, आणि ती फसली की आधीच्या सगळ्या पायऱ्या उलट क्रमाने उतरायच्या असतात. चढण्याची वाट एकच, पण उतरण्याच्या वाटा पायऱ्यांइतक्या. शिवाय चढण्याची वाट रोज तुडवली जाते, कारण यंत्र चालतंय की नाही ते लगेच दिसतं. उतरण्याच्या वाटेवर वर्षानुवर्षं कोणी पाऊलच टाकत नाही.

आता इतिहासाकडे वळू. मेमरी हाताने परत करावी लागते, हा काही निसर्गनियम नव्हे. जॉन मकार्थी यांनी १९६० साली लिस्प भाषेवरचा आपला प्रसिद्ध लेख छापला. न लागणारी मेमरी यंत्राने स्वतः शोधून गोळा करायची, ही कल्पना त्यात आहे. आज जावा किंवा पायथन वापरणाऱ्यांना ती सोय सवयीची झाली आहे. पण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्समध्ये डेनिस रिची यांनी सी भाषा घडवली आणि १९७३ मध्ये युनिक्सचा कर्नल तिच्यात लिहिला गेला, तेव्हा निवड वेगळी झाली. यंत्र लहान होतं, आणि कर्नलला मधेच थांबून कचरा गोळा करायला सवड नसते. इंटरप्ट आला की उत्तर द्यावंच लागतं. म्हणून सीमध्ये मेमरी मागणाऱ्यानेच ती परत करायची असं ठरलं. त्यात भर म्हणजे, चूक झाली हे कळवायची खास सोयही सीमध्ये नाही. फंक्शन एक आकडा परत देतं, आणि तो तपासायचा की नाही हे लिहिणाऱ्याच्या हातात. म्हणजे भाषेने दोन्ही जबाबदाऱ्या माणसाच्या लक्षात राहण्यावर सोपवल्या. पुढचा सगळा इतिहास हा भार माणसाच्या डोक्यावरून हळूहळू उतरवण्याचा आहे.

पहिला उपाय निघाला तो एका बदनाम शब्दातून. मार्च १९६८ मध्ये एडस्गर डायक्स्ट्रा यांचं ‘गोटू’ या आज्ञेविरुद्धचं पत्र प्रसिद्ध झालं. पत्राला गाजलेलं शीर्षक दिलं ते संपादक निक्लाउस विर्थ यांनी. कोडमध्ये कुठूनही कुठेही उडी मारली, तर वाचणाऱ्याला कोड कुठून आला आणि कुठे चालला ते कळत नाही, असा त्यांचा मुद्दा. तो रास्त होता. त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांना गोटू वापरू नका असंच शिकवलं गेलं. १९७४ मध्ये डोनाल्ड कनुथ यांनी लांबलचक लेख लिहून सांगितलं, की काही ठिकाणी गोटूच सरळ पडतो, आणि चुकीतून बाहेर पडणं हे त्यांपैकी एक ठिकाण आहे.

१९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स सुरू केलं, आणि त्या कर्नलने गोटूला पुन्हा घरात घेतलं. पण एका अटीवर: उडी फक्त खाली मारायची, बाहेर पडण्याच्या दिशेने. फंक्शनच्या तळाशी एक जिना बांधायचा. वरच्या पायरीवर शेवटी घेतलेली वस्तू परत, तिच्याखाली त्याआधीची, अगदी खाली पहिली. तिसरी पायरी फसली तर जिन्याच्या योग्य पायरीवर उडी मारायची आणि तिथून खाली उतरत जायचं. लिनक्सच्या कोडिंग स्टाइलच्या दस्तऐवजात यावर स्वतंत्र प्रकरण आहे. तिथली एक सूचना आम्हाला फार शहाणपणाची वाटते: त्या पायऱ्यांना एरर-एक, एरर-दोन अशी नावं देऊ नका, ती पायरी काय परत करते ते नावातच सांगा. कारण उद्या कोणी मधे नवी पायरी घातली की आकडे चुकतात, आणि गळती नेमकी तिथून सुरू होते.

जिना चांगलाच होता, पण तो बांधायचा कोणी? प्रत्येक ड्रायव्हर लिहिणाऱ्याने, प्रत्येक फंक्शनमध्ये, हाताने. याचं काय झालं हे मोजणारा अभ्यास २००१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातून आला. डॉसन एंगलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिनक्सच्या सुमारे सात वर्षांतल्या आवृत्त्या आपोआप तपासणाऱ्या साधनाखालून काढल्या. ड्रायव्हरमधलं चुकांचं प्रमाण कर्नलच्या बाकी भागापेक्षा तीन ते सात पटींपर्यंत जास्त निघालं. आणि एखादी चूक कोडमध्ये दुरुस्त न होता सरासरी १.८ वर्षं राहत होती.

हे वाचून ड्रायव्हर लिहिणारे निष्काळजी, असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो टाळायला हवा. कर्नलचा मधला भाग प्रत्येक संगणकावर दिवसरात्र चालतो, त्यामुळे त्यातली चूक लवकर उघडी पडते. एखाद्या टीव्ही कार्डाचा ड्रायव्हर ज्यांच्याकडे ते कार्ड आहे त्यांच्याकडेच चालतो. नवा ड्रायव्हर लिहिताना जुना समोर ठेवून त्यावरून उतरवायची पद्धत आहे, म्हणजे जुन्यातली गळतीही सोबत येते. आणि पॅच तपासणाऱ्याच्या हाताशी बहुतेक वेळा ते यंत्रच नसतं.

मग पुढचं पाऊल असं पडलं: ज्या वाटेने कोणी जात नाही, त्या वाटेने मुद्दाम पाठवायचं. मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० सोबत ड्रायव्हर व्हेरिफायर दिलं. ते मेमरीची मागणी मुद्दाम अधूनमधून नाकारतं, आणि ड्रायव्हर उतरवताना त्याने घेतलेलं सगळं परत केलं का तेही तपासतं. लिनक्समध्ये अशी खोटी चूक घडवण्याची सोय २००७ च्या सुरुवातीला, २.६.२० या आवृत्तीत आली. २००९ मध्ये २.६.३१ आवृत्तीत कॅटालिन मरिनास यांचं केमेमलीक आलं. यात एक गंमत आहे. ते मकार्थींच्या जुन्या कल्पनेनेच चालतं. मेमरी चाळून ज्या तुकड्याचा पत्ता कुठेच सापडत नाही, तो हेरतं. पण तो मोकळा करत नाही, फक्त कळवतं. कर्नलला कचरावाला परवडत नाही, पण कचरा दाखवणारा चालतो.

तिसरी तऱ्हा कोड न चालवता नुसता वाचून चूक शोधण्याची. जुलिया लॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉक्सिनेल नावाचं साधन उभं केलं. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ठिपक्यांचा तो लाल भुंगेरा, जो पिकावरची कीड खातो. त्याच गटाने २०१३ मध्ये हेक्टर नावाच्या साधनावर निबंध सादर केला, आणि त्याचा विषय थेट आपलाच होता: चूक हाताळणाऱ्या कोडमध्ये परत करायची राहिलेली वस्तू. त्यांची युक्ती साधी होती. सगळ्या कर्नलचा नियम शोधत बसू नका, एकेका फंक्शनमध्येच पाहा. तिथे उतरण्याच्या एका वाटेवर भांडी परत केली आहेत आणि दुसऱ्या वाटेवर नाहीत, तर बहुधा दुसरीकडे विसरलंय. लिनक्स धरून सहा प्रकल्पांत त्यांना ३७० हून जास्त दोष सापडले. मात्र साधनाने दाखवलेल्यांपैकी २३ टक्के इशारे खोटे होते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता मधेच एक शंका घेऊ, कारण ती तज्ज्ञांनीही घेतली आहे. मेमरीची मागणी नाकारली गेली म्हणजे संगणक आधीच मरणपंथाला लागला. अशा वेळी आणखी काहीशे बाइट हरवले तर बिघडलं काय? शंकेत तथ्य आहे. २०१९ च्या त्याच नोंदींपैकी निदान एकीपुढे हा आक्षेप यादीतच लिहून ठेवलेला आहे. पण पायरी फसायला मेमरीच संपावी लागते असं नाही. २०१२ मध्ये लिनक्स ३.४ आवृत्तीत एक नवा रिवाज आला. आपल्याला लागणारं दुसरं यंत्र अजून तयार नसेल, तर प्रोबने ‘नंतर या’ असं उत्तर द्यायचं आणि कर्नलने त्याला पुन्हा बोलवायचं. लहान बोर्डांवर, जिथे एक भाग दुसऱ्यावर अवलंबून असतो, तिथे संगणक सुरू होताना असं परत परत होतं. म्हणजे जी वाट कोणी चालत नव्हतं, तिच्यावर आता वर्दळ सुरू झाली. तिथली गळती दर फेरीला एकदा.

एवढ्यात आणखी एक विचार पुढे आला होता. प्रत्येकाने जिना बांधायचा आणि मग साधनांनी त्यातल्या तुटक्या पायऱ्या शोधायच्या, यापेक्षा जिनाच नको. एप्रिल २००७ च्या २.६.२१ आवृत्तीत तेजुन हिओ यांची डेव्हरेस ही व्यवस्था आली. घेतलेली प्रत्येक वस्तू त्या यंत्राच्या नावावर एका यादीत लिहायची. प्रोब फसला किंवा ड्रायव्हर निघाला, की कर्नल स्वतः ती यादी उलट क्रमाने वाचून सगळं परत करतो. आपल्या भाषेत, कार्यालयाच्या व्यवस्थापकाकडे वही ठेवली, यजमानाने काही लक्षात ठेवायला नको. शेकडो ड्रायव्हरमधले जिने यामुळे गेले. पण हीही जादू नव्हे. यंत्र काढून घेतलं आणि त्याची फाइल कोणा प्रोग्रॅमने अजून उघडी ठेवली असेल, तर वही प्रमाणे सगळं परत होतं आणि तो प्रोग्रॅम परत गेलेल्या मेमरीत हात घालतो.

आता गोष्टीचा अवघड भाग. गळती बुजवताना काय होऊ शकतं?

सुट्या पिना वापरून एसपीआय नावाच्या पद्धतीने बोलणारा एक ड्रायव्हर लिनक्समध्ये आहे. त्याच्या प्रोबमधल्या गळत्या बुजवायचे प्रयत्न आधीच एकदोनदा होऊन गेले होते. २०१९ मध्ये आणखी एक पॅच आला. त्यात म्हटलं होतं, की परतफेडीचं काम वहीत नोंदवणारं फंक्शन फसलं, तर वस्तू तशीच राहते, म्हणून ती इथे परत करा. वाचायला अगदी बरोबर. मात्र त्या फंक्शनची शर्त अशी, की नोंद करता आली नाही तर ते परतफेड स्वतः लगेच करून टाकतं. तसं त्याच्या नावातच आहे. म्हणजे वस्तू आता दोनदा परत होऊ लागली. २०२० च्या अखेरीस दुसऱ्या एका प्रोग्रामरने हे उलगडून दाखवलं: जुन्या दुरुस्त्यांतून एक गळती निसटलीच होती, आणि नव्या दुरुस्तीने मोकळी झालेली मेमरी पुन्हा वापरण्याचा दोष आत आणला होता. त्याने जास्तीची ओळ लिहिली नाही. वस्तू घेतानाच वहीत लिहिली जाईल असं नवं फंक्शन तयार करून तिथे बसवलं.

दोनदा परत करण्यात एवढं वाईट काय? पुन्हा भांड्यांकडे येऊ. आपण पातेली परत दिली, भांडीवाल्याने ती दुसऱ्या लग्नात पाठवली. आता आपला माणूस दुसऱ्यांदा जाऊन त्याच पातेल्यांवर ‘परत केली’ असा शिक्का मारून येतो. भांडीवाला ती तिसऱ्याला देतो. चुलीवर चढलेलं पातेलं दोन घरांचं झालं. गळतीत मेमरी नुसती वाया जाते. यात एकाची माहिती दुसऱ्याच्या हाती लागते, आणि हल्लेखोर नेमकं तेच शोधत असतो. म्हणजे गळती ही बहुतेक वेळा लहान चूक असते, आणि तिची चुकीची दुरुस्ती मोठी असू शकते. साधनांचे २३ टक्के खोटे इशारे लक्षात ठेवा म्हटलं ते यासाठी. इशारा खोटा असेल आणि आपण डोळे मिटून ‘परत करा’ची ओळ घातली, तर नसलेली गळती बुजवून खरा दोष पेरला.

हा मुद्दा एका वेगळ्याच प्रकारे जगापुढे आला. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये लिनक्सच्या देखभालकर्त्यांना काही पॅच पाठवले. वरून ते किरकोळ दुरुस्तीचे, आतून दोष आणणारे. असे पॅच तपासणीतून निसटतात का, हे त्यांना पाहायचं होतं, पण ज्यांच्यावर प्रयोग चालला त्यांना ते माहीत नव्हतं. एप्रिल २०२१ मध्ये प्रकरण तापलं, ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाकडून येणारे पॅच घेणं थांबवलं आणि निबंध मागे घेतला गेला. मग स्वयंसेवकांनी त्या विद्यापीठाचे जुने ४३५ पॅच पुन्हा वाचले. ३४९ बरोबर निघाले. ३९ चुकीचे होते आणि ते दुरुस्त करावे लागले. उरलेल्यांपैकी काही आधीच सुधारले गेले होते, काहींना आता अर्थ उरला नव्हता. यातून दोन गोष्टी दिसतात. चुकीच्या दुरुस्तीला वाईट हेतू लागत नाही, ती भल्या हेतूनेही होते. आणि एका ओळीचा पॅच मान्य होतो तो बराचसा विश्वासावर. विश्वास गेला की शेकडो ओळी माणसांना हाताने पुन्हा वाचाव्या लागतात.

आज आपण कुठे आहोत? डिसेंबर २०२२ च्या लिनक्स ६.१ मध्ये रस्ट भाषेला प्राथमिक जागा मिळाली. वस्तूचा मालक कोण, हे रस्टमध्ये कंपायलरच पाहतो. मालकाचा कार्यकाळ संपला की वस्तू परत, आणि दोनदा परत केली तर कोड तयारच होत नाही. ऑगस्ट २०२३ च्या ६.५ मध्ये सीसाठीही तशीच थोडी सोय आली. चल जाहीर करतानाच त्याची परतफेड सांगून ठेवायची, फंक्शनमधून कुठूनही बाहेर पडलं तरी ती होते. यशस्वी झाल्यावर वस्तू ठेवून घ्यायची असेल तर तसं उघड लिहावं लागतं. म्हणजे आधी ‘परत करा’ हे आठवून लिहायचं होतं, आता ‘परत करू नका’ हे लिहायचं. विसरलं तर काय होईल, याची बाजूच पालटली.

जुना कोड मात्र कोट्यवधी ओळींचा आहे, आणि तो रातोरात बदलणार नाही. आपल्यापैकी कोणी उद्या असा पॅच लिहिणार असेल, तर हात लावण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. ही वस्तू या क्षणी कोणाच्या मालकीची आहे? जे फंक्शन फसलं, ते फसताना काय परत करतं? आणि या वाटेने मी खरोखर एकदा जाऊन पाहिलं आहे का? पहिल्या दोघांची उत्तरं त्या फंक्शनचा कोड उघडून वाचल्याशिवाय मिळत नाहीत. तिसऱ्यासाठी खोटी चूक घडवावी लागते, आणि लिनक्सच्या त्या कोडिंग स्टाइलमध्येही हाच सल्ला आहे.

त्या टीव्ही कार्डाची एक ओळ बरोबर होती, कारण तिथे मालक एकच होता आणि तो स्पष्ट दिसत होता. एसपीआयच्या ड्रायव्हरमधली ओळ दिसायला तशीच होती, पण तिथे परत करणारा आधीच दारात उभा होता. दोन्ही ओळी शेजारी ठेवून वाचल्या तर फरक दिसत नाही. तो आजूबाजूच्या कोडमध्ये आहे, आणि तो वाचायला वेळ द्यावा लागतो. आज इथे थांबू. पुढच्या वेळी इंटरप्टकडे जाऊ.